वीस मासे, तीन मेले

लालबाग, ४ फेब्रुवारी २०२५

राधे,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. हवा तर घे, नको तर घडी घालून ठेव, पुढेमागे लागेल.

हे मी सांगतेय आणि समोरच्या खोलीतला धम्मपाल लिहून घेतोय. बेस्टमध्ये कंडक्टर होता. आता निवृत्त झालाय आणि बायकोने सांगितलेली कामं टाळायला माझ्याकडे येऊन बसतो. हे तो लिहायला तयार नव्हता, लिहायला लावलं. अक्षर कसं आहे ते मला विचारू नकोस, मला सगळ्यांचंच अक्षर छान दिसतं. तारीखही त्यानेच घातली. मला विचारली नाही, शहाणा आहे.

फोन केला असता. पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास तर मी काय करणार? पत्र फाडायला निदान हातात तरी घ्यावं लागतं.

बुधाजीच्या हळदीपासून तू माझ्याशी बोलत नाहीस. धम्मपाल विचारतो, बुधाजी कोण? अरे, राधाचा मुलगा, माझा भाचा. कफ परेडला मच्छीमार नगरात राहतात ती. त्याच्या हळदीला मी नवरीच्या बापाला एक हुमाण घातलं. हुमाण म्हणजे कोडं, आमच्या मालवणाकडे तसं म्हणतात. दोन आया, दोन लेकी, पापलेटं तीन, आणि प्रत्येकीला अख्खं पापलेट मिळालं, ते कसं? जन्मभर होडीवर मासळीचे वाटे घातलेला माणूस तो. बराच विचार करून म्हणाला, "एकीला उपाशी ठेवा." सगळा मांडव हसला, त्याला मी काय करणार? आजी, आई आणि लेक, बाया तीनच होत्या, हे मी लगेच सांगितलंसुद्धा. तो न जेवता उठला, आणि तू म्हणालीस की माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस. टाकलं नाही. पत्र टाकतेय.

आता कामाचं. हितेंद्र मला इथून उचलून कल्याणला न्यायला बघतोय. तोंडाने तसं म्हणत नाही. म्हणतो, "आई, तुझी काळजी वाटते गं." पन्नाशीचा मुलगा अचानक इतका गोड बोलायला लागला की आपण सावध होऊन बसावं. रोज रात्री फोन करून विचारतो, काय जेवलीस. आधी वर्षानुवर्षं मी काय जेवते ते त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याचं काही अडलंही नव्हतं.

गेल्या आठवड्यात मला शीवला एका डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेला. गुडघ्यासाठी म्हणाला. तिने गुडघ्याकडे बघितलंच नाही. तिथेच मला संशय आला. समोर बसवलं आणि विचारायला लागली.

"आजी, आज वार कोणता?"

मी म्हटलं, "कालच्या पुढचा."

"आपण कितव्या मजल्यावर आहोत?"

"लिफ्टवाल्याला विचारा, त्याने आणलं."

"बरं, विसातून तीन गेले, किती राहिले?"

आता हे तर आपलं घरचंच. मी म्हटलं, "वीस."

"ते कसे?"

"डबक्यात वीस मासे, तीन मेले, किती राहिले? वीसच. मेलेला मासा उठून कुठे जातोय?"

ती हसली नाही. लिहून घेतलं. सुरुवातीला तिने मला तीन वस्तू सांगून लक्षात ठेवायला लावल्या होत्या, कोणत्या ते सोड. शेवटी म्हणाली, आता सांगा बघू त्या. मी म्हटलं, "ठेवायच्या तुम्ही आणि शोधायच्या मी?" तेही लिहून घेतलं. हितेंद्र माझ्याकडे बघतच नव्हता. भिंतीवर मेंदूचं चित्र लावलंय, ते बघत होता.

राधे, आपल्या घरात सरळ उत्तर देणारा हरायचा. हरला की त्याने विहिरीवरून पाणी आणायचं. आनंदाचं तर सगळं बालपण पाणी भरण्यात गेलं, विचारलं की बिचारा खरं सांगून मोकळा व्हायचा. (धम्मपाल, आनंदा आमचा मधला भाऊ. गेला तो, बरीच वर्षं झाली.) अशा घरातली मी. मला कोणी काही विचारलं की मी आधी बघते, मेख कुठे मारलीय. त्या पोरीला हे कोण सांगणार? तिने आपल्या कागदावर लिहिलंय की माझं डोकं चालत नाही.

६ मार्चला पुन्हा बोलावलंय. त्या दिवशी ती सांगणार, मी एकटी राहू शकते की नाही. नाही म्हणाली की मी कल्याणला आणि खोलीला कुलूप. तुझे भावोजी राजाराम गेले तेव्हाही मी ही खोली सोडली नाही, ती आता एका पोरीच्या सांगण्यावरून सोडू?

तू ये. तिला एवढंच सांग, ही लहानपणापासून अशीच आहे. साक्षीला तूच उरलीस, बाकीचे सगळे गेले. दारात पाऊल मी टाकायचं नव्हतं. तू टाकू नयेस असं मी कधी म्हटलं नाही.

तुझी बाय


लालबाग, २० फेब्रुवारी २०२५

राधे,

उत्तर नाही. एकतर तू पत्र फाडलंस, नाहीतर धम्मपालने ते पेटीत टाकलंच नाही. तो बुद्धाची शपथ घेतोय. मी म्हटलं, त्यांना मध्ये आणू नकोस, पेटी कुठली ते सांग. लाल होती म्हणतो.

त्याच्यावर माझा भरवसा उरलेला नाही. परवा त्याचा फोन माझ्या ओट्यावर पडला होता. वाजला, तर पडद्यावर हितेंद्रचा फोटो. मला अक्षर येत नाही म्हणून डोळेही नाहीत असं समजतात लोक. मी विचारलं, माझा मुलगा तुला कशाला फोन करतो रे? म्हणतो, "काकी, सहज." सहज कोणी कोणाला फोन करत नाही. हे सगळं मी त्याच्याच हाताने लिहून घेतेय. त्याचे कान लाल झालेत.

आता जे सांगते ते नीट ऐक. माझ्या घरात कोणीतरी येऊन जातं. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. किल्ली खिडकीच्या गजाला बांधलेली होती. परवा मी भात टाकायला गेले तर कुकरमध्ये भात तयार. गरम. मी केला नव्हता, मग कोणी केला? चोर येऊन भात करत नाही. सून करते. प्रितीकडे माझ्या खोलीची दुसरी किल्ली आहे. कल्याणहून येऊन भात करून जाते की काय, म्हटलं तर हितेंद्र म्हणतो, आई, ती कामावर असते. असेल. मी लक्ष ठेवून आहे.

प्रितीने माझ्या डब्यांवर चित्रं चिकटवलीत. उसाचं चित्र, समुद्राचं चित्र. मी म्हटलं, हे काय बालवाडी काढलीस? म्हणते, "आई, साखर आणि मीठ पटकन कळावं म्हणून." मला चाखून कळतं. त्या दिवशी हितेंद्रच्या चहात मीठ पडलं ते मी मुद्दाम घातलं होतं. बघत होते, बोलतो का. सगळा प्याला संपवला आणि म्हणाला, छान झालाय. असा माणूस खोटं किती सहज बोलतो बघ.

आणि गॅसची शेगडी नेली. विजेची आणून ठेवली, तिला जाळच नाही. म्हणे जुनी बिघडली. काही बिघडली नव्हती. दूध उतू जाऊन विझली होती, गॅस सुटत राहिला, आणि धम्मपालच्या बायकोला वास आला, एवढंच.

हो, मुख्य सांगायचं राहिलं. हितेंद्र मला शीवला एका डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेला होता. गुडघ्यासाठी म्हणाला, पण तिने गुडघ्याकडे

धम्मपाल म्हणतो, काकी, हे मागच्या पत्रात झालं. झालं तर झालं. तिने ते फाडलं असेल तर यातून कळेल. तो म्हणतो, सगळं जसंच्या तसं झालंय, मासे आणि लिफ्टवाल्यासकट. मग बरोबरच आहे ना? खोटं बोलणाऱ्याचं दर वेळी वेगळं निघतं.

६ मार्च. विसरू नकोस.

तुझी बाय


लालबाग, १ मार्च २०२५

राधे,

तुझं पत्र आलं. सोबत सुके बोंबील आले. बोंबील धम्मपालने नाक दाबून आत आणले आणि निम्मे घरी घेऊन गेला.

पत्र त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं, मग खात्रीसाठी त्याच्या बायकोकडून एकदा. दोघांनी एकच वाचलं, तेव्हा खरं असावं. "बाय, मी येते. पण आधी एक सांग. आपल्या मधल्या भावाचं नाव काय? हुमाण घालू नकोस, सरळ सांग."

ही काय विचारायची रीत झाली? तुला तुझ्या भावाचं नाव ठाऊक नाही? ठाऊक असताना विचारतेस, म्हणजे डॉक्टरीणबाईची बहीण झालीस. हितेंद्र तुला भेटला का? खरं सांग. मच्छीमार नगरात येऊन बसला, बोंबील खाल्ले आणि म्हणाला, मावशी, आईला जरा तपासून बघा. असंच झालं असणार.

आणि नावाचं म्हणशील तर, नाव ही वस्तू ज्याची असते तो थोडी वापरतो, बाकीचेच जास्त वापरतात. त्याची वस्तू त्याच्यापाशी राहू दे. मी कशाला वापरू?

धम्मपालने पेन खाली ठेवलं.

म्हणतो, "काकी, पहिल्या पत्रात तुम्हीच सांगितलंत." मी म्हटलं, मग तुला माहीतच आहे, लिहून टाक. म्हणतो, "मी नाही लिहिणार. तुम्ही सांगा, मग लिहितो." बघ. सगळे एकमेकांना मिळालेले आहेत.

तो मला दिसतोय, राधे. कळशी खांद्यावर घेऊन येतोय, सदरा भिजलाय, आणि आपण दोघी पायरीवर बसून हसतोय. उजव्या भुवईवर खूण आहे, तूच खडा मारला होतास आणि आईला सांगितलं होतंस की तो पडला. चालताना डावा पाय जरा आत टाकायचा. पेज गरम असली की रडायचा. सगळं आहे. नाव तेवढं येत नाही.

हे शेवटचं वाक्य खोडायला सांगितलंय. त्याने खोडलं की नाही ते मला कळायचं नाही.

बाय


लालबाग, ८ मार्च २०२५

राधे,

तू आलीस. हे आधी म्हणते, मग बाकीचं.

तुला बघून मला बरं वाटलं होतं. केस पांढरे झालेत, पण ते आपल्या आईसारखे झालेत, छान दिसतात. हातात पिशवी, पिशवीत सगळ्यांसाठी तळलेली सुरमई, दवाखान्यात. डॉक्टरीणबाईने खिडकी उघडायला लावली. मी म्हटलं, ही माझी साक्षीदार.

आणि सुरुवात तू छान केलीस. म्हणालीस, "ही जन्मापासून वाकडी बोलते. माझ्या मुलाच्या हळदीत हिने माझ्या व्याह्याला उपाशी उठवलं." डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसली. तू तिला माशांचं हुमाण समजावून सांगितलंस, पापलेटांचंसुद्धा सांगितलंस. ती म्हणाली, "असं आहे होय? मग आपण परत बघू या." हितेंद्रचा चेहरा उजळला. हो, उजळला. मी टिपून ठेवलंय. मला कल्याणला न्यायला निघालेल्या माणसाचा चेहरा तेव्हा पडायला हवा होता. तो उजळला का, याचा मी दोन दिवस विचार करतेय.

आणि मग तुला कोणी काही विचारलं नसताना तू बोललीस.

"पण बाई, एक आहे. हिला सरळ उत्तर आधी यायचं. ते मनात ठेवायची आणि मग वाकडं बोलायची. आमच्या आईने दटावलं की सरळही सांगायची."

आणि माझ्याकडे वळलीस. आईच्या आवाजात म्हणालीस, हुबेहूब, "सरळ काय ता सांग गो. विसातून तीन गेले."

राधे, तो आवाज तू वापरायला नको होतास.

मी बोटांची कांडी मोजायला लागले. आठ-नऊपर्यंत बरं चाललं होतं. मग कुठून निघाले होते तेच हाताला लागेना. पुन्हा सुरू केलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, आजी, सावकाश. मला वीस म्हणायचं होतं, डबक्यातले वीस, तोंडावर होतं माझ्या. पण तू समोर बसली होतीस आणि तुला ते हुमाण येतं. मी म्हटलं, "ठाऊक नाही."

सबंध आयुष्यात मी हे दोन शब्द कोणाला म्हटले असतील तर तुला आठवत असतील, मला नाही.

हितेंद्र उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा डोळे लाल. शीवला धूळ फार आहे.

मग ती बाई काय म्हणाली ते तूही ऐकलंस. आठवण हळूहळू जाणार आहे, एकदम नाही, गोळ्या घ्या, पण यापुढे एकट्या ठेवू नका. हितेंद्र म्हणाला, पाडव्याला घेऊन जातो. मी बोललेलं आता कोण धरणार आहे?

तेव्हा तू लिफ्टच्या दारात म्हणालीस, "कल्याणला कशाला? मी येते लालबागला राहायला. बुधाजीचा संसार त्याचा त्याला पुरे."

हितेंद्र म्हणाला, "मावशी, तुमचंही वय झालंय."

तू म्हणालीस, "हिचे कान चांगले आहेत, माझं डोकं चांगलं आहे. दोघी मिळून एक धड बाई होते की नाही?"

लिफ्टवालासुद्धा हसला. मी हसले नाही. मी विचार करत होते, हिला यातून काय मिळणार? इतकी वर्षं फोन नाही, आणि एकदम राहायला. खोलीवर डोळा म्हणावा तर तुला समुद्राचा वारा सुटत नाही. तुझ्या सुनेशी बिनसलं म्हणावं तर ती तुझी पिशवी उचलायला दवाखान्याच्या खालपर्यंत आली होती. मी सगळीकडून बघितलं, मेख सापडत नाही. न सापडणारी मेख फार वाईट.

घरी आल्यापासून मी दारातच स्टूल टाकून बसले. प्रिती येते का बघायला. धम्मपालची बायको दोनदा चहा देऊन गेली, ती उंबऱ्याच्या आत आली नाही. बाकी कोणी आलं नाही. संध्याकाळी उठून आत गेले, तर कुकरमध्ये भात होता.

हे मी हितेंद्रला सांगितलेलं नाही. धम्मपाल सांगेल. सांगू दे.

तू माझी साक्षीदार म्हणून आली होतीस की त्यांची, एवढं कळव.

बाय


लालबाग, १८ मार्च २०२५

राधे,

तू लिहिलंस, "मी कोणाचीच साक्षीदार नव्हते. तुला हरलेलं मला बघायचं नव्हतं आणि तुला एकटीला भाजलेलंही बघायचं नव्हतं." धम्मपालने हे वाचलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसला. हा आणखी एक, डोळ्यांत धूळ जाणारा.

हितेंद्र काल आला होता. मी त्याला विचारलं, मला न्यायला एवढा टपलायस, तुला काय मिळणार रे? तो म्हणाला, "आई, झोप मिळेल." त्याला रात्री झोप लागत नाही, फोन वाजेल म्हणून उशाशी घेऊन पडतो, हे मला धम्मपालकडून आधी कळलं होतं, पण मी म्हटलं त्याच्या तोंडून ऐकू. तो म्हणाला, मावशी येत असेल तर पावसाळ्यापर्यंत बघू या. प्रितीने तुझ्यासाठी गादी पाठवलीय. गादी नवी आहे. मी उलटीसुलटी करून बघितली, काही सापडलं नाही.

तर शनिवारी ये. काही गोष्टी आधीच ऐकून ठेव, मग तक्रार नको. खिडकीकडची बाजू माझी. सुकी मासळी गॅलरीत वाळत घालायची नाही, शेजारी सगळे मासे खाणारे असले तरी त्यांना फक्त आपापल्या घरचा वास चालतो. तुझ्या व्याह्याला एकदा जेवायला बोलाव इथे. मी काही विचारणार नाही. विचारलंच तर सोपं विचारेन.

डबे तू आल्यावर चित्रांसकट तसेच राहू देत. ऊस आणि समुद्र. बघायला बरे वाटतात.

आणि एक. धम्मपाल, हे नीट लिही, घाई करू नकोस.

कधीतरी मी तुझ्याकडे बघेन आणि विचारेन, तुम्ही कोण? मी थट्टा करतेय की खरंच विचारतेय, हे शोधत बसू नकोस. माझ्या डोळ्यांत बघत बसू नकोस, आईचा आवाज काढू नकोस, आणि ओळख बघू, असं तर मुळीच म्हणू नकोस. तेव्हा मला हुमाण नको. सरळ सांग, मी राधा, तुझी धाकटी बहीण. जितक्या वेळा विचारेन तितक्या वेळा सांग, पहिल्यांदाच सांगतेयस असं.

त्यावर मी म्हणेन, कशावरून? तेव्हा घाबरू नकोस. ते आजारपण नव्हे, तो माझा स्वभाव आहे.

तुझी बाय